ढकलावं की ओढावं?

अकरावीच्या भौतिकशास्त्रात एक प्रश्न हमखास येतो: मैदानावरचा रोलर ढकलणं सोपं की ओढणं? उत्तर पाठ असतं. ओढणं. दांडा तिरका असतो, त्यामुळे ढकलताना आपल्या जोराचा काही भाग खाली जमिनीकडे जातो आणि रोलर आणखी जड होतो. ओढताना तोच भाग वरच्या दिशेने लागतो, रोलर थोडा हलका होतो, घर्षण घटतं. दोन बाण काढले, कोन लिहिला, की गुण मिळाले. पुढे हाच विद्यार्थी एखाद्या कारखान्यात सुपरवायझर होतो आणि गोदामाच्या भिंतीवर पाटी वाचतो: ‘ट्रॉली ढकला, ओढू नका.’

दोघांपैकी खोटं कोणीच बोलत नाही. पुस्तकातल्या आकृतीत रोलर असतो, दांडा असतो, बाण असतात; दांडा धरणारा माणूस काढलेलाच नसतो. पाटी लिहिणाऱ्याला रोलरशी कर्तव्य नाही, त्याला त्या माणसाच्या कमरेची काळजी आहे. शिवाय बऱ्या ट्रॉलीची मूठ कोपराच्या आसपास असते, जोर जवळजवळ आडवा लागतो, म्हणजे आकृतीतला तो कोनच उरत नाही आणि ओढण्याचा पुस्तकी फायदाही त्याच्याबरोबर जातो.

आता कमरेत काय चालतं ते बघू. कमरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचं त्रिकास्थी यांच्यामध्ये जी गादी असते, तिच्यावर या सगळ्याचा मोठा भार येतो. लोक ‘गादी सरकली’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा हीच किंवा तिच्या वरची गादी असते. आपण गाडीकडे तोंड करून ती ओढतो तेव्हा गाडीही आपल्याला तितक्याच जोराने पुढे खेचत असते. धड पुढे कलंडू नये म्हणून मणक्याला लगटून असलेले पाठीचे स्नायू आवळले जातात. पंचाईत अशी, की हे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरवर आहेत. तरफ इतकी आखूड असली की जोर अनेक पटींनी लावावा लागतो.

एक ढोबळ हिशेब करून बघा. ताठ उभं राहून खांद्याच्या उंचीवरून, म्हणजे त्या गादीच्या साधारण ४० सेंटिमीटर वरून, २० किलोच्या जोराने ओढलं, तर पाठीच्या स्नायूंना १६० किलोच्या घरात जोर लावावा लागतो, आणि तो सगळा गाद्यांवर दाब होऊन बसतो. मूठ कोपराच्या उंचीला आणली की ४० सेंटिमीटरचे १० होतात आणि १६० किलोचे ४०. गाडी तीच, माल तोच, मूठ फक्त फूटभर खाली आली. आणखी खाली आणली तर आणखी फायदा होईल का? नाही. कारण मग वाकावं लागतं, आणि वाकलेल्या माणसाचं डोकं, हात आणि धड मिळून शरीराच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग त्याच बिचाऱ्या स्नायूंना तोलून धरावा लागतो. गुडघ्याजवळ मूठ असलेल्या गाडीला गाडी म्हणू नये.

ढकलताना चित्र उलटतं. गाडी आपल्याला मागे रेटते, तिला तोंड द्यायला पोटाचे स्नायू पुढे येतात. ते मणक्यापासून बरेच दूर आहेत, तेव्हा कमी जोरात त्यांचं भागतं. वर पुढे झुकून स्वतःचं वजनच कामाला लावता येतं, आणि समोरचा रस्ता दिसतो. पण म्हणून ढकलणं फुकट पडत नाही. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या विल्यम मरास यांच्या प्रयोगशाळेने ढकलताना-ओढताना मणक्यांवर येणारे जोर बारकाईने अभ्यासले. नुसत्या दाबाकडे बघून चालत नाही, मणके एकमेकांवरून पुढे-मागे घसरू पाहतात तो आडवा जोरही धोक्याचा असतो, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. हा आडवा जोर ढकलतानाही येतो. म्हणजे ‘ढकला’ हा सल्ला बरोबर आहे, पण त्याच्या मागे ‘किती’ हा प्रश्न उभाच राहतो.

त्या ‘किती’वर सगळ्यांत चिकाटीने काम केलं ते एका विमा कंपनीने. मॅसॅच्युसेट्स राज्यात लिबर्टी म्युच्युअल कंपनीचं स्वतःचं संशोधन केंद्र होतं. कामगाराची कंबर धरली की भरपाई कंपनीच्या खिशातून जायची, त्यामुळे कळकळ मनापासूनची होती. तिथल्या स्टोव्हर स्नूक यांची पद्धत साधी होती. कामगारांना प्रयोगशाळेत बोलवायचं, ढकलायला-ओढायला द्यायचं आणि जोर कमी-जास्त करणं त्यांच्याच हातात ठेवायचं. सूचना एवढीच, की दिवसभर हे काम करायचं आहे असं समजा. ताण येणार नाही, थकवा येणार नाही, धाप लागणार नाही इतकंच ठेवा. स्नूक आणि व्हिन्सेंट सिरिएलो यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेले तक्ते आजही जगभर वापरले जातात. त्यांत एक गोष्ट ठळक दिसते. गाडी हलवताना क्षणभर लावायचा जोर माणूस बराच जास्त सोसतो. ती चालती ठेवण्याचा जोर मात्र त्याला पुष्कळ कमी हवा असतो, आणि अंतर वाढलं, फेऱ्या वाढल्या, की तोही झपाट्याने उतरतो.

ब्रिटनमध्ये कामाच्या जागेवरची सुरक्षितता बघणाऱ्या एचएसई या सरकारी संस्थेने लक्षात ठेवायला सोपे आकडे दिले आहेत. गाडी हलवायला किंवा थांबवायला पुरुषाला साधारण २० किलोचा आणि स्त्रीला १५ किलोचा जोर. चालती ठेवायला पुरुषाला १० आणि स्त्रीला ७. हात कंबर ते खांदा या पट्ट्यात असावेत आणि मध्ये विसावा न घेता अंतर २० मीटरच्या आसपास असावं, या अटींवर. हे आकडे म्हणजे लक्ष्मणरेषा नव्हे. ते ओलांडले तर कामाची नीट तपासणी करा, एवढाच त्यांचा अर्थ.

आपल्या गाडीला किती जोर लागतो हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. विमानप्रवासाची बॅग तोलायचा आकड्याचा काटा कोणत्याही बाजारात मिळतो. तो मुठीला अडकवायचा, आडवा धरून सावकाश ओढायचं आणि आकडा वाचायचा. गाडी हलते त्या क्षणाचा आकडा वेगळा येईल, चालू लागल्यावरचा वेगळा. दोन्ही लिहून ठेवावेत. गोदाम चालवणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा करून बघावं असं मला फार वाटतं, कारण ‘एवढं तर जातंय की’ या वाक्याला त्या आकड्यांइतकं चोख उत्तर नाही.

काटा नसेल तर एचएसईचाच दुसरा आडाखा कामी येतो. सपाट, टणक फरशी आणि निगा राखलेली चाकं असतील, तर लागणारा जोर एकूण वजनाच्या किमान २ टक्के धरावा. ४०० किलोला ८ किलो. आता हँड पॅलेट ट्रक घ्या. एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडमध्ये दिसणारा, दांडा वरखाली करून पंप मारायचा आणि पॅलेट उचलायचं, तो. त्यावर ठसठशीत लिहिलेलं असतं: क्षमता २,५०० किलो. २ टक्के म्हणजे ५० किलोचा जोर, तोही उत्तम फरशीवर. चालती ठेवायच्या १० किलोच्या पाचपट. ती क्षमता लोखंडाची आहे, ओढणाऱ्याची नाही. पण पाटी फक्त लोखंडाची लागते आणि पाळीचा मुकादम तीच वाचतो.

चढ आला की आडाखे कोलमडतात. १२ फुटांना १ फूट हा चढ अपंगांच्या खुर्चीसाठी बांधतात, डोळ्यांना तो सौम्य वाटतो. त्यावर ४०० किलोची गाडी नुसती धरून ठेवायलाच ३३ किलोचा जोर लागतो. वर न्यायची तर चाकांचे ८ त्यात मिळवा. उतरताना तेच ३३ किलो आपल्या अंगावर येतात. अशा जागी दुसरा माणूस घ्यावा, नाहीतर माल निम्मा करावा. ब्रेक असेल तर तो चालतो का, हे चढावर जाण्याआधी बघायचं असतं.

चाकांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण कमरेचं निम्मं भवितव्य तिथे ठरतं. फरशीच्या सांध्यात १ सेंटिमीटरची उंची आडवी आली आणि एका चाकावर १०० किलो भार आहे असं समजा. चाक १० सेंटिमीटर व्यासाचं असेल, तर थांबलेल्या स्थितीतून ते वर चढवायला ७५ किलोचा आडवा जोर लागतो. चाक ६० सेंटिमीटरचं असेल तर २६-२७ किलोत काम होतं. शाळेतल्या तरफेच्या नियमाने हे कोणालाही काढून बघता येईल. मशीद बंदरच्या गल्ल्यांतली हातगाडी आपली मोठी चाकं घेऊन खड्ड्यांतून, गटाराच्या झाकणांवरून जाते आणि इस्पितळातली औषधांची चकचकीत ट्रॉली लिफ्टच्या फटीत अडते, याचं कारण इतकं सरळ आहे. गुळगुळीत फरशीवर टणक चाक हलकं चालतं. खडबडीत जागी थोडं मऊ आणि मोठं चाक लागतं. बेअरिंगमध्ये गुंतलेला सुतळीचा तुकडा, पॅकिंगच्या पट्ट्या, केस हे सगळं महिन्यातून एकदा कोणीतरी काढायला हवं, आणि ते ‘कोणीतरी’ म्हणजे कोण, हे नावानिशी ठरलेलं असायला हवं.

हातगाडीचा विषय निघालाच आहे तर तोलाचंही सांगतो. दोन चाकांच्या गाडीत माल आसाच्या मागे-पुढे कसा रचला यावर सगळं अवलंबून असतं. मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते, दांडा वर उचलला जातो आणि माणूस त्यावर लोंबकळतो. पुढे जास्त झाला तर दांड्यावरचा भार हातांवर येतो आणि ओढण्याच्या कामात उचलण्याचं काम मिसळतं. मुरलेला हमाल शेवटची दोन पोती ठेवण्याआधी दांडा हाताने तोलून बघतो आणि मग एखादं पोतं वीतभर सरकवतो. कोणत्याही पुस्तकाआधी हे शास्त्र बाजारात होतं.

आता प्रत्यक्ष ढकलणं. चार क्षण जपायचे असतात: सुरुवात, वळण, थांबणं आणि अडकलेली गाडी सोडवणं. मधली वाटचाल बहुतेक वेळा निर्धोक असते.

सुरुवात करण्याआधी फिरती चाकं जायच्या दिशेला वळली आहेत का ते बघावं. ती आडवी असतील तर पहिला सगळा जोर त्यांना वळवण्यात जातो, आणि आपण नेमका तेव्हाच हिसका देतो. गाडीसमोर सरळ उभं राहावं. एक पाय पुढे, एक मागे, मागच्याची टाच टेकलेली. दोन्ही हात मुठीवर, कोपरं अंगाजवळ आणि किंचित वाकलेली. पोट थोडं आवळावं, श्वास मात्र कोंडू नये. मग कंबरेतून न वाकता घोट्यापासून अख्खं अंग पुढे झुकवावं आणि मागच्या पायाने जमीन रेटावी. जोर हळूहळू वाढवत न्यावा. गाडी हलली नाही तर थांबावं, चाकाखाली काय आहे ते वाकून बघावं. दुसरा हिसका पहिल्यापेक्षा मोठा असतो आणि उसण भरते ती त्या दुसऱ्या हिसक्याला.

पायाखालची जमीन विसरून चालणार नाही. आपण कितीही ताकदवान असलो तरी चप्पल जितकी जमीन धरते त्यापेक्षा जास्त जोर गाडीला देता येत नाही. ६० किलोचा माणूस कोरड्या सिमेंटवर चांगल्या बुटात ३५ किलोच्या आसपास जोर देऊ शकेल. ओल्या, साबणाच्या फरशीवर १२ किलोलाच पाय सटकेल. पहाटेच्या भाजीबाजारात कोबीची पानं, कांद्याची सालं, टोमॅटोचा चिखल, आणि त्यावरून झिजलेल्या हवाई चपला घालून गाड्या ढकलणारी माणसं. पाय घसरला की धड झटक्याने पिळतं, आणि पाठीला त्या पिळाइतकं दुसरं काही मानवत नाही.

वळणावर नेमका हाच पीळ आपण आपण होऊन देतो. पाय जागेवर रोवलेले आणि खांदे फिरवून गाडी वळवायची, ही सवय सार्वत्रिक आहे. त्याऐवजी छोटी पावलं टाकत गाडीबरोबर स्वतः वळावं, नाक आणि बेंबी एकाच दिशेला राहतील असं. थांबायचं असेल तर दोन पावलं आधीच रेटणं सोडावं, गाडीला आपोआप मंद होऊ द्यावं. पळत्या गाडीला मागून खेचून थांबवणं म्हणजे ओढण्याचाच सगळ्यांत वाईट प्रकार.

ओढावं लागतंच अशा जागा असतात आणि त्या नाकारण्यात अर्थ नाही. भिंतीला लावलेली गाडी बाहेर काढताना मागे जाऊन ढकलता येत नाही. व्हीलचेअर पायरीवर चढवताना मोठी चाकं आधी यावीत म्हणून खुर्ची उलटी करून ओढतात, आणि तीव्र उतारावर ती उलटीच उतरवतात; माणूस पुढे पडू नये म्हणून ते बरोबरच आहे. खड्ड्यात रुतलेलं चाक वर उचलत ओढलं की सुटतं, तिथे अकरावीचं पुस्तक जिंकतं. अशा वेळी गाडीकडे तोंड करून, दोन्ही हातांनी, गुडघे थोडे वाकवून मागे झुकावं आणि चार-सहा पावलांत मोकळी जागा मिळाली की बाजू बदलून ढकलायला लागावं. टाळायचं ते एका हाताने मागे गाडी ओढत पुढे चालणं. पॅलेट ट्रक नव्याण्णव टक्के लोक असाच नेतात. एक खांदा मागे खेचलेला, कंबर पिळलेली, आणि गाडी मागून टाचेवर येते ते वेगळंच.

हे सगळं शिकवलं की कंबरा वाचतात का? उत्तर फारसं उत्साहवर्धक नाही. स्नूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्येच लिहिलं होतं, की माणसं पारखून घेणं आणि त्यांना शिकवणं या उपायांनी पाठीच्या दुखापती कमी झाल्याचं दिसत नाही. काम माणसाला साजेसं बनवलं तर मात्र त्यांतल्या एक तृतीयांशापर्यंत टळू शकतात. १९९७ मध्ये बॉस्टन परिसरातल्या सुमारे ४,००० टपाल कामगारांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच वर्षांहून अधिक काळ चाललेल्या त्या पाहणीत, प्रशिक्षण घेतलेल्यांच्या आणि न घेतलेल्यांच्या दुखापतींत फरक आढळला नाही. कमरेच्या पट्ट्याचीही तीच गत: दुकानांतल्या ९,००० हून अधिक कर्मचाऱ्यांची पाहणी २००० साली छापून आली, पट्ट्याने दुखापती घटल्याचं त्यात दिसलं नाही.

म्हणून मला भिंतीवरच्या पाट्यांचा थोडा रागच येतो. वर सांगितलेली रीत खरी आहे, ती ज्याला साधली त्याला उपयोगी आहे. पण पाटी लावली की चाक बदलण्याची जबाबदारी संपली असं मालकाला वाटतं, आणि कोणाची कंबर गेली की ‘नीट ढकललं नसेल’ हे उत्तर तयार असतं. १९४८ च्या कारखाने कायद्याने कलम ३४ मध्ये इजा होईल इतकं वजन उचलायला, वाहायला किंवा हलवायला लावू नये असं म्हटलं होतं. त्यात ‘हलवायला’ हे आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. सगळी चर्चा पोत्याच्या वजनावर होते. पोतं ५० किलोचं झालं हे चांगलंच, पण गाडीवर तशी बारा चढवली की ६०० किलो होतात, आणि ते मोजायला कोणी जात नाही.

वेळेचाही एक मुद्दा आहे. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त भरते ती यामुळे. फुगलेली गादी वाकण्याला कमी दाद देते. याच स्नूक यांनी उतारवयात, १९९८ मध्ये, एक वेगळा प्रयोग प्रसिद्ध केला: जुनी कंबरदुखी असलेल्यांनी सकाळच्या पहिल्या तासांत वाकणं टाळलं, तर दुखणं कमी झालं. आपल्या बाजार समित्यांत ट्रक उतरतात ते बरोबर या वेळेला. माल थांबवता येणार नाही हे खरं, पण उठल्या उठल्या पहिली खेप सगळ्यांत जड नको, थोडं चालणं-फिरणं झाल्यावर जड काम घ्यावं, एवढं टोळीच्या मुकादमाला जमवता येतं.

घरात चाकं नसतात, तिथे घर्षणाशी सामना. लोखंडी कपाट हलवायचं तर आधी रिकामं करावं. साड्या आणि भांडी मिळून किती वजन होतं याचा अंदाज आपल्याला कधीच नसतो. पायांखाली गोणपाट किंवा जुनी सतरंजी सारली की गुळगुळीत फरशीवर ते निम्म्या जोरात सरकतं. रेटायचं ते मध्याच्या खाली, नाहीतर कपाट कलंडतं. पलंगाखालचा केर काढताना एका हाताने पलंग ओढून दुसऱ्या हाताने झाडू मारण्याची कसरत घरोघरी चालते. वाकणं, पिळणं आणि ओढणं तिन्ही एकदम. आधी पलंग पुरता सरकवून घ्यावा आणि मग झाडू हातात घ्यावा. गॅसचा घरगुती सिलिंडर भरलेला असला की ३० किलोच्या आसपास असतो. तो उभाच ठेवून चाकांच्या स्टँडवर सरकवावा, आणि स्टँड घेतानाच चाकं हाताने फिरवून बघावीत.

इतकं करूनही चमक भरली तर एक-दोन दिवस जड काम बंद, पण अंथरूण धरून पडून राहू नये. सोसेल तितकं चालत राहिल्याने पाठ लवकर मोकळी होते. कळ मांडीतून पोटरीपर्यंत उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवावं. पाय लुळा वाटू लागला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर मात्र मालिश, लेप, ओळखीचा हाडवैद्य यांत वेळ न घालवता लगेच मोठं इस्पितळ गाठावं, कारण अशा वेळी नसांवरचा दाब काही तासांत काढावा लागतो.